कोल्डफ्युजनचं काम कोल्हापुरात बसून कुठनं मिळवायचं?

मंगळवारपेठकर | १९ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. सगळं गाव हायकोर्टाच्या सर्किट बेंचच्या गप्पा मारतंय आणि मी इथं माझं रडगाणं घेऊन आलोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी कोल्डफ्युजन (वेबसाइट बनवायची एक जुनी भाषा) प्रोग्रामर आहे. चौदा वर्षं.

"ते अजून आहे होय?" हे ऐकायची सवय झालीय. आहे. १९९५ साली जे. जे. आणि जेरेमी अलेअर या भावांनी काढलं, २००१ मध्ये त्यांची कंपनी मॅक्रोमीडियानं घेतली आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाला अडोबीनं. एचटीएमएलसारखेच टॅग. सीएफक्वेरी लिहायचं, आत एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) टाकायचं, सीएफआउटपुटमध्ये दाखवायचं, झालं पान तयार. मायस्पेस सुरुवातीला यावरच चालायचं. यंदा फेब्रुवारीत नवी आवृत्तीही आली.

मी यात पडलो ते गाडी चुकल्यामुळं. हिंजवडीत नोकरीच्या पहिल्या दिवशी दुपारी पोचलो, तोवर बाकीची पोरं जावा आणि डॉट नेटला वाटून झाली होती. मॅनेजर म्हणाला, एक जागा आहे, कोल्डफ्युजन. मला वाटलं काहीतरी अणुऊर्जेचं असेल. पुढं नऊ वर्षं तेच केलं. २०२० मध्ये लॉकडाउनला घरी आलो, वडिलांना अर्धांगाचा झटका आला, मग परत गेलोच नाही. एका मध्यस्थ कंपनीमार्फत अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघटनेचं सभासद नोंदणीचं काम मिळालं. चार वर्षं एकच ॲप्लिकेशन, एकच गिऱ्हाईक. गेल्या महिन्यात त्यांनी तयार उत्पादन विकत घेतलं. मला चार ओळींची मेल आली, त्यातली एक ओळ 'शुभेच्छा' होती.

गावात विचारलं तर सगळीकडं एकच प्रश्न, "वर्डप्रेस येतं का?" मावसभावाचं महाद्वार रोडला चपलांचं दुकान आहे, त्याची साइट करून दिली. मोबदला म्हणून कापशीचे दोन जोड मिळाले. चपला उत्तम आहेत, हप्ता त्यात भागत नाही.

फ्रीलान्सच्या साइटवर आठवड्याला दोन-तीन कामं दिसतात आणि त्यातली बहुतेक 'कोल्डफ्युजनमधून बाहेर काढून द्या' अशीच असतात. म्हणजे मयताला खांदा द्यायला माणूस पाहिजे. 'चौदा वर्षांचा अनुभव, कोल्डफ्युजन आणि लुसी' (लुसी म्हणजे कोल्डफ्युजनचाच कोड चालवणारं दुसरं इंजिन) असं लिहून चाळीस अर्ज टाकले. दोन उत्तरं आली, त्यातलं एक म्हणजे मलाच कोर्स विकायला निघालेला माणूस.

तर विचारायचं हे की या भाषेचं गिऱ्हाईक बसतं कुठं? ते खांदा द्यायचं काम घ्यावं का? की गप पायथन शिकावं? वय ३७, पोरगी तिसरीत, पाच महिने ढकलतील एवढी शिल्लक. आई शेजारणीला सांगते, "पोरगा घरातच असतोय." ती काळजीनं म्हणते की कौतुकानं, ते विचारायचं धाडस होत नाही.

---

पाचगावचा_कोडर

दादा, पायथन. सहा महिने. विषय कट.

---

उद्यमनगरचा_फॉक्स

पाचगावकर, तुझ्या वयात मीपण असंच बोलायचो. थांब जरा.

मंगळवारपेठकर, मी फॉक्सप्रोवाला. हो, तेच, डेटाबेसचं जुनं सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टनं २०१५ च्या जानेवारीत त्याचा सपोर्ट बंद केला आणि माझं घर अजून त्याच्यावरच चाललंय. साखर कारखान्यांची ऊसबिलं, तोडणी-वाहतुकीचा हिशोब, दोन पतसंस्था. हंगामात झोप नसते.

आता एक घरची गोष्ट. आमच्या अप्पांचं उद्यमनगरात लेथचं दुकान होतं. कंपनीनं कधीच बंद केलेल्या ऑइल इंजिनांचे लायनर, बुश, पिन करून द्यायचे. मी शाळेतनं आलो की तिथंच पडून असायचो. कुठलाही शेतकरी "मला अमक्या मॉडेलचा लायनर द्या" म्हणत आल्याचं मला आठवत नाही. यायचा तो "अप्पा, पाणी चढंना झालंय, ऊस वाळायलाय" म्हणत. मॉडेल कुठलं ते अप्पा बघायचे. पाटीवरसुद्धा मॉडेलचं नाव नव्हतं, 'जुन्या इंजिनांची कामे' एवढंच.

तू चाळीस ठिकाणी लायनरचं नाव सांगत फिरलास. ज्याचं पाणी चढत नाही त्याला ते नाव ठाऊकच नाही. त्याला एवढंच कळतं की बिल निघत नाही, नाहीतर सर्व्हर दर सोमवारी बसतो, नाहीतर ज्या पोरानं लिहिलं तो सोडून गेला.

मला कारखान्यातनं फोन कधी येतो माहितीय? फॉक्सप्रो ज्यात सगळा डेटा ठेवतं ती डीबीएफ फाइल दोन जीबीच्या पुढं जात नाही. हंगाम ऐन भरात येतो, फाइल भरते, सगळं जागच्या जागी थांबतं. मग आठवण येते माझी. आता मी तेवढी वाट बघत नाही. दिवाळीच्या आधीच जाऊन फाइलीचं वजन बघतो आणि सांगतो, "साहेब, जानेवारीत ही अडणार." एकदा खरं ठरलं की पुढच्या वर्षी ते स्वतःच बोलावतात.

तुझ्या कोल्डफ्युजनचं दोन जीबी कुठं आहे ते शोध.

आणि खांदा द्यायच्या कामाला नाक मुरडू नकोस. एका कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर 'या हंगामात' चालू होणार होतं. तिसरा हंगाम गेला. तोवर जुनं कोण चालवतंय? आणि जुन्यात काय-काय दडलंय हे नव्या कंपनीच्या पोरांना कोण सांगतंय? मयत लई दिवस घरातच असतं भावा. जेवणखाणासकट.

---

ओहायोतला_कोल्हापुरी

नाव सांगणार नाही, कारण मी गिऱ्हाइकाच्या बाजूला बसतो. इथल्या एका विद्यापीठाच्या आयटी विभागात आहे आणि आमच्याकडं दोन हजारच्या दशकातलं कोल्डफ्युजन अजून चालू आहे. वसतिगृहाचे अर्ज, पार्किंगचे परवाने, असलं सगळं.

'अमेरिकेतल्या सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठं कोल्डफ्युजन वापरतात' हे खरं, पण त्याचा तुम्हाला थेट काडीचा उपयोग नाही. विद्यार्थ्यांच्या माहितीला १९७४ चा फेर्पा कायदा लागतो. मी उद्या साहेबाला म्हणालो की कोल्हापुरात एक हुशार माणूस आहे, त्याला डेटाबेस उघडून देऊ, तर आधी माझीच चौकशी होईल. वर नोंदणीकृत पुरवठादार, व्यावसायिक विमा, निविदा. एकट्या माणसाला ती दारं बंद आहेत.

बंद नसलेलं दार म्हणजे छोट्या वेब एजन्सी. पाच-दहा माणसांच्या. कुणाची तरी जुनी एजन्सी विकत घेतली आणि तिच्याबरोबर तीन-चार कोल्डफ्युजनच्या साइट गळ्यात पडल्या, असं भरपूर ठिकाणी असतं. तिथली पोरं रिॲक्टवाली, म्हणजे नव्या पद्धतीनं साइट करणारी. त्या साइटला हात लावायला कुणी तयार नसतं, आणि गिऱ्हाईक दरमहा पैसे भरतं म्हणून सोडवतही नाही. पत्त्यात डॉट सीएफएम (कोल्डफ्युजनच्या पानाची खूण) दिसलं की पानाच्या तळाशी साइट कुणी केली ते बघा आणि त्यांना लिहा. मालकाला लिहू नका.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. परक्याच्या साइटचं ॲडमिनिस्ट्रेटरचं पान उघडून बघणं, स्कॅन मारणं, आणि मग 'तुमच्या सर्व्हरला भोक आहे' अशी मेल. २०२३ मध्ये कोल्डफ्युजनमधल्या एका त्रुटीतून इथल्या एका केंद्रीय संस्थेच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाली होती, सिसानं (इथल्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं) त्या डिसेंबरात जाहीर इशारा दिला. तेव्हापासून सगळे धास्तावलेत. तशी मेल आमच्याकडं आली तर ती थेट सुरक्षा विभागाकडं जाते. परवानगीशिवाय असं करणं भारतातल्या कायद्यातही बसत नाही.

फॉक्सरावांनी विचारलेलं 'दोन जीबी' मला दिसतंय. २०१६ च्या आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२१ च्या फेब्रुवारीत संपला, २०१८ वालीचा २०२३ च्या जुलैत, आणि २०२१ वालीचा येत्या नोव्हेंबरात संपतोय. नवी २०२५ ची आवृत्ती फक्त वर्गणीवर मिळते, एकदा परवाना घेऊन वर्षानुवर्षं बसायची सोय संपली. म्हणजे आत्ता, या तीन महिन्यांत, बऱ्याच एजन्सीत कुणीतरी विचारतंय की आता काय करायचं. वर्गणी भरायची, लुसीवर जायचं की सगळं मोडून नवं बांधायचं? लुसी फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, पण जुना कोड तिच्यावर जसाच्या तसा चालेल का हे त्यांना सांगता येत नाही. तुम्हाला येतं. तेवढंच विका. ठरलेल्या रकमेत तपासणी, दहा पानांचा अहवाल. तासाचा दर लावलात की ते दुसऱ्या स्वस्त माणसाशी तुलना करतात आणि आपल्याकडचाच कुणीतरी चार डॉलरला उभा असतो.

आणि लुसीच्या चर्चापीठावर, सीएफएमएलच्या (कोल्डफ्युजनच्या भाषेचं नाव) स्लॅकवर, म्हणजे गप्पांच्या ग्रुपवर, लोकांच्या अडचणींना उत्तरं द्या. कामाच्या जाहिरातींची वेगळी खोलीही आहे स्लॅकवर, पण मला जो माणूस सापडला तो तिथं नाही सापडला. सीएफडॉक्युमेंटनं केलेल्या पीडीएफमध्ये तक्ता अर्धा कापला जात होता, मी रात्री शोधत बसलो आणि त्याचं तीन वर्षांपूर्वीचं उत्तर हाताला लागलं. त्यालाच शोधून काढला आणि आमच्या पुरवठादाराकडून काम दिलं.

---

मंगळवारपेठकर

ओहायोकर, तुम्ही माझी चार वर्षांची समजूत एका परिच्छेदात मोडलीत. मी सगळे अर्ज विद्यापीठं आणि काउंटी ऑफिसांनाच टाकले होते.

फॉक्सदादा, पाणी चढंना हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे मी तुला कधीपासून सांगते." तिनं सांगितलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही.

पैशांचं कुणी सांगेल का? आजवर मध्यस्थ कंपनी रुपयांत द्यायची, थेट डॉलर कधी घेतलेले नाहीत.

---

सीए_शाहूपुरी

मी सांगतो. (बाहेरगावच्या मंडळींनो, मी बाईच आहे. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी करतो'च म्हणतात. सवय करून घ्या.)

अमेरिकेतलं गिऱ्हाईक तुमच्याकडं डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म मागेल. घाबरू नका, तुम्ही तिकडचे नागरिक नाही एवढंच त्यात सांगायचं असतं. तो भरून गिऱ्हाइकाला द्यायचा, कुठल्या ऑफिसात नाही. बँकेत पैसे येताना पर्पज कोड विचारतात, सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी-०८०२. दर वेळी बँकेकडून परदेशी रक्कम आल्याचं प्रमाणपत्र, फिरा म्हणतात ते, मागून घ्या आणि फाइलला लावा. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं मार्चमध्ये ते शोधत फिरतात.

वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. वर गेलात की नोंदणी करा आणि एलयूटी (हमीपत्र) भरा, मग निर्यातीवर कर न भरता बिल करता येतं. इन्कम टॅक्सला कलम ४४एडीए बघा. जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरतात, वह्यांची कटकट वाचते. मर्यादा ५० लाख, रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५. तुमची रोखीतली जमा म्हणजे कापशीचे दोन जोड, ती कशात धरायची ते बघते. बघतो.

आणि पहिल्या कामाला निम्मी रक्कम आधी घ्या. शुभेच्छांची मेल परत नको.

---

पाचगावचा_कोडर

४४एडीए मला माहीतच नव्हतं. ताई, मेसेज करू का?

---

मंगळवारपेठकर | २८ सप्टेंबर

सव्वा महिना झाला, हिशोब द्यायला आलोय.

एजन्सींना २६ मेल लिहिल्या, एकेक हातानं. पहिल्या ओळीत 'कोल्डफ्युजन प्रोग्रामर' हे शब्द नाहीत. लिहिलं ते असं: तुमच्याकडं अमुक गिऱ्हाइकाची जुनी साइट दिसते. ती २०२१ च्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर असेल तर नोव्हेंबरनंतर तिला सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत. तिचं काय करावं हे मी दहा दिवसांत, ठरलेल्या पैशांत सांगतो. खाली नाव. बस. सहा उत्तरं आली. दोघांनी नम्रपणे नको म्हटलं, एकानं 'मार्चमध्ये बघू', एकाला मी फुकट काम करतो असं वाटलं, आणि दोन खरी निघाली.

त्यातल्या एका एजन्सीशी बोलणं ४ सप्टेंबरला ठरलं, आपल्याकडं संध्याकाळी साडेसात. गणपतीचा नववा दिवस. तारीख देताना माझ्या लक्षातच आलं नाही. गल्लीत डॉल्बी चालू, खिडकीच्या काचा थरथरतायत. शेवटी लॅपटॉप घेऊन मित्राच्या गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपवर गेलो, तिथं फक्त एक कॉम्प्रेसर होता. समोरची बाई म्हणाली, पाठीमागं कसला आवाज? मी म्हटलं, कारखाना. तिला ते आवडलं बहुतेक.

तपासणीचं काम सहाशे डॉलरला ठरलं, तीनशे आधी. (ताई, फिरा मागितलं. बँकेतला माणूस माझ्याकडंच संशयानं बघत होता, पण दिलं.) साइट यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाची, २०१६ च्या आवृत्तीवर. कोड उघडला आणि खरं सांगू, गावी आल्यासारखं वाटलं. पहिली फाइल ॲप्लिकेशन डॉट सीएफएम, म्हणजे लिहिणाऱ्यानं २००५ नंतरची ॲप्लिकेशन डॉट सीएफसीची पद्धत पाहिलीच नव्हती किंवा पाहून सोडून दिली होती. २१४ क्वेऱ्यांत सीएफक्वेरीपॅरम (बाहेरचा मजकूर सुरक्षितपणे आत घेणारा टॅग) नाही, बाहेरून आलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएलमध्ये. एका कोपऱ्यात शेरा, 'याला हात लावू नका, का चालतं माहीत नाही.' तो भाग काढून बघितला. त्याच्याशिवायही चालतं.

मग कमांडबॉक्स (आपल्या मशिनवर असला सर्व्हर उठवायचं साधन) घेऊन तेच सगळं माझ्या मशिनवर लुसीवर उठवलं. ऐंशी टक्के पानं पहिल्या दिवशी उभी राहिली. उरलेल्यांत सगळ्यात जास्त रडवलं ते इनव्हॉइसच्या पीडीएफनं. दोन इंजिनांत पीडीएफ वेगळा पडतो हे माहीत होतं, पण इथं सहीची रेघ एकटीच दुसऱ्या पानावर जात होती. दीड दिवस गेला. ते दीड दिवसाचं दुखणं अहवालात सविस्तर लिहिलं, चित्रासकट. त्या बाईनं पुढं बाकी काही विचारलं नाही, ते पीडीएफचं पान तेवढं गिऱ्हाइकाला दाखवलं म्हणाली.

आता त्यांना ही साइट लुसीवर नेऊन हवीय आणि आणखी तीन साइटची देखभाल महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर. रक्कम इथं सांगत नाही, आईसुद्धा हे वाचते अशी शंका आहे.

अडलंय एका प्रश्नावर. बाईनं विचारलं, "तुला काही झालं तर आम्ही कुणाला फोन करायचा?" वाईट हेतूनं नाही, त्यांचा आधीचा कोल्डफ्युजनवाला खरंच वारला होता. मला काही बोलता येईना. २०२१ च्या जुलैत पूर आला, शिरोलीला हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा दोन दिवस वीज नव्हती आणि मी मामाच्या गावी जाऊन त्यांच्या पिठाच्या गिरणीतल्या जनरेटरवर फोन चार्ज करून एका कामाची दुरुस्ती पाठवली होती. ती गोष्ट सांगितली. ती हसली, म्हणाली, मस्त आहे, पण नाव सांग.

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला परत बोलणं आहे. कोल्डफ्युजन येणारा दुसरा माणूस या जिल्ह्यात मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर कळवा. सगळं आलंच पाहिजे असं नाही, सर्व्हर परत चालू करता आला, बॅकअप लावता आला आणि इंग्रजीत दोन ओळी लिहिता आल्या तरी चालेल. महिन्याच्या रकमेतला वाटा देईन.

---

पाचगावचा_कोडर

मी शिकू का? पायथन सोडून नाही, जोडीला.

---

उद्यमनगरचा_फॉक्स

पाचगावकर, तू शिक, पण मंगळवारपर्यंत तुझ्यानं होणार नाही. मंगळवारपेठकर, माझं नाव दे. हंगाम सुरू व्हायला अजून महिना आहे. टॅग बघितले काल रात्री. सीएफक्वेरीच्या आत एसक्यूएल आणि बाहेर लूप. हे आमच्या स्कॅन-एंडस्कॅनपेक्षा अवघड कुठं आहे? इंग्रजीचं मात्र तू बघ, माझ्या मेल वाचून कारखान्याचे एमडी फोन करतात.

उद्या सकाळी नऊला दुकानात ये. लेथ अजून तिथंच आहे, बाजूला टेबल टाकलंय. लॅपटॉप आण, कमांडबॉक्स चढवून दे. आणि त्या कापशीतला एक जोड नऊ नंबरचा असेल तर तोही घेऊन ये, वाट्यातनं कापून घे.